लालासाबचं नाक

राजारामपुरीत लालासाब मुल्लाणींची खानावळ होती. तिला पाटी नव्हती आणि पाटीची गरजही नव्हती. सकाळी तिथं मसाला भाजायला घेतला की अर्ध्या गल्लीला ठसका लागायचा. उरलेली अर्धी गल्ली त्याआधीच लालासाबच्या खोकल्यानं जागी झालेली असायची.

तो खोकला ऐकण्यासारखा होता. थंडीतली एसटी सुरू होताना आधी घरघरते, मग गचके देते, मग पुन्हा बंद पडते, तसा. शेवटी एकदाची गाडी सुरू झाली की समोरच्या अंबूबाई आतल्या सुनेला हाक मारायच्या, "उठ गं, लाला उठला. चुलीवर पाणी ठेव."

दुष्काळाचं साल नुकतंच सरलं होतं. मी शाळामास्तर म्हणून कोल्हापुरात नवा होतो आणि दोन्ही वेळ लालासाबकडेच जेवायचो. माणूस उंच, काटकुळा, गालफडं आत गेलेली. डोक्यावर पांढरी टोपी, ओठात जळती विडी आणि कानावर राखीव विडी. बापाच्या हाताखाली चुलीपाशी बसायला लागला तेव्हापासून विडी चिकटली होती. काडेपेटी त्यानं कधी विकत घेतली नसावी. चुलीतला निखारा चिमट्यात धरून तो विडी पेटवायचा आणि त्याच चिमट्यानं भाकरी उलटायचा.

त्याचा तांबडा रस्सा मी पहिल्यांदा प्यालो तेव्हा कानातून वाफ निघाल्यासारखं झालं. मीठही सढळ. पण आजूबाजूला सगळे नाक पुसत, डोळे पुसत, "आयला, झ्याक!" म्हणत ओरपत होते. नव्या माणसानं तक्रार करायची तर कोणत्या तोंडानं? तोंड तर भाजलेलं. मीही "झ्याक" म्हणालो आणि सवय करून घेतली.

खानावळीला लागून शंकरप्पाचं पान-विडी-तंबाखूचं दुकान होतं. शंकरप्पा लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. मटणाचा वास आला की तो पंच्यानं नाक झाकायचा, आणि लालासाब खोकला की, "लाला, एक बंडल कमी वड की रं," असं स्वतःच्याच धंद्याविरुद्ध सांगायचा. त्यानं स्वतः जन्मात विडी ओढली नव्हती. दोघांची मैत्री लहानपणापासूनची. एकमेकांच्या ताटातलं काही चालत नसल्यामुळं त्यांच्यात भांडणाला कारणच नव्हतं.

तर असं सगळं सुरळीत धुरात चाललेलं असताना पेठ वडगावचं ते जावळाचं जेवण आलं.

वडगावचे हंबीरराव म्हणजे मोठं घर. नातवाचं जावळ होतं, बोकडं उभी केलेली, आणि स्वयंपाकाला लालासाबलाच बोलावलेलं. बायको सुलतानबी सोबत गेली होती. मलाही हंबीररावांच्या धाकट्या भावाचं आमंत्रण होतं, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

पांढऱ्या रश्श्याला नारळाचं दूध लागतं. नारळ लालासाब स्वतः फोडायचा. फोडला की प्रत्येक कवड नाकाशी धरायची, हुंगायची आणि मग टोपलीत टाकायची, ही बापाची शिकवण. त्या दिवशीही त्यानं प्रत्येक कवड हुंगली. ओठात विडी तशीच होती. सुलतानबी पलीकडे कांदे चिरत बसली होती, तिच्या डोळ्यांना आणि नाकाला वेगळंच काम होतं. खोबरं वाटलं, पिळलं, दूध मटणाच्या अळणी रश्श्यात पडलं.

पंगत बसली. वाट्या भरल्या. पहिला घोट घेतला आणि सगळी पंगत एकदम गप्प झाली. कोल्हापूरकडच्या पंगतीत शांतता म्हणजे काहीतरी अशुभ. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मीही वाटी खाली ठेवली. नारळ खवट होते. एखादं नव्हे, चांगले तीन-चार असावेत.

हंबीररावांची आई धोंडुबाई पंगतीच्या तोंडाशी बसली होती. म्हातारीला भीडभाड ठाऊक नव्हती. तिनं वाटी हातात धरून उंच केली आणि पार गोठ्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "ओ आचारी पावणं, ह्यो रस्सा हाय का गाडीचं वंगण?"

पंगत हसली. लालासाब धावत आला. त्यानं वाटी नाकाशी धरली, हुंगली. घोट घेतला, जीभ फिरवली. पुन्हा घोट घेतला. चेहऱ्यावर काही नाही.

"चांगला हाय की," तो म्हणाला. "कसला वास?"

लोक अजून मोठ्यानं हसले. त्यांना वाटलं, माणूस सारवासारव करतोय. सुलतानबीनं मात्र त्याच्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. तिला कळलं की नवरा खोटं बोलत नाहीये. त्याला खरंच काही कळत नव्हतं.

तांबडा रस्सा आणि सुकं मटण धड होतं म्हणून जेवण पार पडलं. निघताना हंबीररावांनी त्याला बाजूला घेतलं. माणूस सज्जन होता. "लालाभाई, बोकड तुमच्या हातचंच पाहिजे आमास्नी. पर तेवढं नाक दावून या कुणाला तरी."

परतीच्या एसटीत लालासाब खिडकीला डोकं टेकून बसला होता. मधेच मला म्हणाला, "मास्तर, आचाऱ्याचं नाक गेलं म्हंजी काय, गवयाचा गळाच गेला म्हणायचं की."

दुसऱ्या दिवशी सुलतानबीनं त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टर शांतादेवींचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. बाई ठेंगण्या, तोंडानं फटकळ, आणि पेशंट वयानं केवढाही असो, त्याला शाळेतल्या पोरासारखं वागवायच्या. त्यांनी लालासाबला डोळे मिटायला लावले आणि नाकाखाली एकेक वस्तू धरली. कॉफीची पूड. तो म्हणाला, "काय न्हाय." साबणाची वडी. "काय न्हाय." रॉकेलचा बोळा धरला तेव्हा मात्र खुलला. "ह्ये वळाखलं! चुलीचं!"

मग त्यांनी विडी पेटवायला लावली. डॉक्टरनं विडी ओढायला सांगितली म्हणून लालासाब खूश. पण धूर सोडताना बाईंनी तोंडापुढं स्वच्छ रुमाल धरला. रुमालावर चहाच्या डागासारखा पिवळा ठिपका उमटला.

"हा एका झुरक्याचा," बाई म्हणाल्या. "तुमच्या छातीत आणि नाकात इतक्या वर्षांचं काय साठलंय ते तुम्हीच ठरवा. विडी सोडा. नाक परत येईल, बहुतेक. जीभही सुधारेल."

"कवा?"

"ते तुमचं नाक ठरवेल. पण आधी सांगून ठेवते. सोडल्यावर तुम्ही जास्त खोकाल."

"जास्त?" सुलतानबी दचकली.

"श्वासनळीत बारीक बारीक केस असतात, झाडूसारखे. घाण वर लोटणं हे त्यांचं काम. धुरानं ते झोपलेत. जागे झाले की झाडलोट सुरू करतील. घाबरून परत विडी पेटवू नका. भूक वाढेल, झोप उडेल, चिडचिड होईल, पोटही कुरकुरेल. सगळं उतरतं हळूहळू."

लालासाबनं सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले. "बाई, ही सगळी रोगाची लक्षणं झाली की. ह्याच्यापरास विडी बरी."

"मग वंगण विका," बाई म्हणाल्या. वडगावची बातमी राजारामपुरीत आधीच पोचली होती.

हे मात्र लागलं. लालासाब तिथून उठला तो थेट शंकरप्पाच्या दुकानात गेला आणि कानावरची विडी काढून फळीवर ठेवली. "अप्पा, ही परत घे. उद्यापास्नं मला दिऊ नगंस. मागितली तरी दिऊ नगंस. पाया पडलो तरी दिऊ नगंस."

"वैनीसमोर बोल," शंकरप्पा म्हणाला. तो व्यवहाराला पक्का. सुलतानबी दारात उभीच होती. तिच्यासमोर शब्द झाला.

त्यानंतरचे दिवस आम्हा जेवणाऱ्यांना फार जड गेले. लालासाब चुलीपाशी बसायचा आणि हात आपोआप कानाकडे जायचा. तिथं काही नसायचं. मग तो कानच खाजवायचा. चिमट्यात निखारा धरायचा, तोंडाजवळ न्यायचा आणि आठवण झाली की निखाऱ्याला शिवी घालून परत चुलीत टाकायचा. कुणी "चाचा, भाकरी" म्हटलं की, "दोन हातच हायती मला, का धा दिसत्यात?" आणि कुणी काहीच मागितलं नाही तरी, "काय, जेवान आवडत न्हाय व्हय?" एका सकाळी तो मिठाच्या बरणीशी भांडताना मी स्वतः ऐकलं.

आणि खोकला! बाईंचं बोलणं खरं झालं. आधीची एसटी परवडली, आता मालगाडीच सुरू झाली. छाती भरून यायची, काळपट कफ पडायचा. अंबूबाई काळजीनं विचारायला आल्या, "काय वं, विडी सोडलीसा ती मानवली न्हाय का?"

"झाडू मारायचं काम चाललंय आत," लालासाब खोकत खोकत म्हणाला. "बरीच वरसं माणूस रजेवर हुता."

पोटाची वेगळीच कथा. पूर्वी पहाटेची पहिली विडी पेटली की पोट हुकूम मानायचं. आता विडीच नाही तर हुकूम देणार कोण? खानावळ होती त्या चाळीच्या सामायिक संडासात तो डबा घेऊन जायचा आणि आतच बसायचा. बाहेर रांग लागायची. चाळीतल्या सयाजी ड्रायव्हरला पहिली एसटी काढायची असायची. तो दारावर थाप मारून ओरडायचा, "चाचा, डेपोतनं बोलवनं आलंय, आता तरी सोडा की!" आतून उत्तर यायचं, "विडी दे एक सरकवून, लगीच येतो." पण सयाजीलाही सुलतानबीची दहशत होती. शेवटी बाईंनी रात्री इसबगोल घ्यायला सांगितलं, तेव्हा पहाटेची वाहतूक सुरळीत झाली.

भूक तर अशी लागली की जणू घरात दुसरा माणूस आलाय. विडीची तलफ आली की तो गुळाचा खडा तोंडात टाकायचा. मग शेंगदाणे. मग शिळी भाकरी. गालफडं भरली, सदऱ्याची बटणं ताणली. टोपी तेवढी बसत होती. सुलतानबी एका बाजूनं बोटं मोडायची, "डेगचीतलं मटन गिऱ्हाइकाला उरतं का बघा," आणि दुसऱ्या बाजूनं शेजारणींना कौतुकानं सांगायची की, यांचे पाय पूर्वी रात्रीचे बर्फासारखे गार असायचे, आता उबदार लागतात.

मधे एकदा तो घसरलाही. ईदच्या आदल्या दिवशी कामाची गर्दी होती, कुणाशी तरी बाचाबाची झाली आणि डोकं फिरलं. शंकरप्पाकडे गेला. शंकरप्पानं फळीवरची सगळी बंडलं पंच्याखाली झाकली आणि म्हणाला, "शब्द हाय."

"अप्पा, दोस्त का दुश्मन तू?"

"दुकानदार हाय. आनि माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक गेलं म्हणून माझंच काळीज जळतंय. तरी देनार न्हाय. जा."

लालासाब गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि अनोळखी टपरीवरून विडी घेतली. एकच झुरका मारला. नंतर त्यानंच मला सांगितलं, "मास्तर, तोंडात कुनी जळका खराटा घातल्यावानी झालं. डोकं गरागरा फिराय लागलं. गटाराच्या कडंला बसलो. असली घाण चव, आनि तरीबी मन म्हनतंय, अजून एक वड. बघा, काय चीज हाय ती!" त्यानं दुसरा झुरका मारला नाही. मारला असता तर सांगितलं असतं. लपवणं त्याच्या अंगात नव्हतं.

नाक परत आलं ते मागच्या दारानं. एके दिवशी दुपारी तो खानावळीच्या पायरीवर बसला होता. एकाएकी ताठ झाला. मान फिरवून चारी दिशांना हुंगायला लागला. उठून मोरीपाशी गेला, वाकला आणि ओरडला, "सुलतान! ही मोरी घान मारतीया!"

सुलतानबी आतून म्हणाली, "लगीन होऊन आले तवापास्नं मारतीया."

"मला आली! घान आली!" तो मोरीपाशी उभा राहून असा हसत होता की रस्त्यावरून जाणाऱ्या बायका पदर सावरून पलीकडून गेल्या.

मग त्याला थोपवणं अवघड झालं. तो घरभर हुंगत सुटला. स्वतःची गादी हुंगली आणि अंगणात फेकली. जुना कोट हुंगला आणि म्हणाला, "ह्यात कोन मेलंय?" टोपी धुवायला टाकली. शंकरप्पाच्या दुकानात जाऊन, "अप्पा, तुझ्या विभूतीला वास हाय रं!" असं सांगून त्या बिचाऱ्याला बुचकळ्यात टाकलं. आणि संध्याकाळी सुलतानबी न्हाऊन केस वाळवत बसली होती तिच्यामागं जाऊन उभा राहिला.

"काय हाय?" तिनं विचारलं.

"शिकेकाई."

"मग? रोजचीच हाय."

"मला आज कळली," तो म्हणाला आणि लाजून चुलीकडे गेला. हे सुलतानबीनं अंबूबाईंना सांगितलं आणि अंबूबाईंनी गल्लीला, म्हणून मला ठाऊक.

इथपर्यंत सगळा आनंद होता. घोटाळा पुढं झाला. नाकापाठोपाठ जीभही जागी झाली. एका रविवारी त्यानं आपला नावाजलेला तांबडा रस्सा नेहमीसारखा पळीनं चाखला आणि पळी हातातून पडली. डोळे पांढरे झाले. तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन तो आमच्यापुढं आला.

"मास्तर, खरं सांगा. ह्यो रस्सा असाच असतोय व्हय रोज?"

"असाच."

"आनि तुमी खाताय?"

"खातो."

"कशापायी?"

मी नाक पुसलं. त्याला मात्र सगळा उलगडा झाला होता. जीभ वर्षानुवर्षं बोथट होत गेली, तसतसा त्याचा हात चटणीत आणि मिठात खोल गेला. त्याला चव लागेपर्यंत तो घालत राहिला आणि कोल्हापूर ती मर्दुमकी समजून पीत राहिलं.

सोमवारपासून त्यानं चटणी निम्मी केली, मीठही निम्मं केलं. आता रश्श्यात मटणाची चव लागत होती, तीळ-खोबरं, लवंग वेगवेगळी कळत होती. मला तर तो अमृतासारखा लागला. पण बाकीच्यांनी वाट्या खाली आपटल्या. सयाजी ओरडला, "चाचा, बाळंतिणीचं जेवान लावलंय काय आज?" दुसरा म्हणाला, "घाम न्हाय आला तर जेवलो कसं म्हनायचं?" आठवडाभरात निम्मी बाकं रिकामी झाली. लालासाब हट्टाला पेटला. "खाल्लं तर खाल्लं. मी इख घालणार न्हाय परत."

तोड सुलतानबीनं काढली. तिनं सगळ्यांसमोर, पदर खोचून, नवऱ्याला सुनावलं. "जीभ तुमची बदललीया. त्यास्नी बदलायचं आवतान दिलंतं का तुमी? चटणी गिऱ्हाइकाची, मीठ तुमचं. मिठाला हात लावू देणार न्हाय मी कुनाला. पर तिखाट वाढवा थोडं थोडं. आनि बडबड कमी करा."

लालासाब खालमानेनं ऐकत होता. मग म्हणाला, "आनि पांढरा?"

"पांढरा बिनचटणीचा, बाईच्या जातीचा. तो मी करते."

तसंच ठरलं. चटणी पहिल्याइतकी नाही, पण घाम येण्याइतकी परतली. मीठ कमी राहिलं ते राहिलंच, आणि महिन्याभरात कुणाला फरकही जाणवेना. मंडळी परत आली. सयाजीनं बाकावर बसता बसता जाहीर केलं, "चाचाचं डोस्कं ताळ्यावर आलं," आणि लालासाबनं त्याच्या ताटात मुद्दाम नळीचा तुकडा वाढला.

लक्ष्मीपुरीतल्या मसाल्याच्या व्यापाऱ्यांना मात्र तो नकोसा झाला. पूर्वी पोत्याला टेकून विडी ओढत सौदा करायचा. आता मूठभर मिरची घेऊन हुंगायचा आणि, "ही भिजल्याली वाळवलीया," म्हणून परत टाकायचा. नारळ तर फोडल्याशिवाय घ्यायचाच नाही. त्याच्यामागं गिऱ्हाइकं उभी राहायची आणि तो जे ढीग नाकारील तिथून पळायची.

माझी पुढं बदली झाली. पण त्याआधीच्या चैत्रात शंकरप्पाला जोतिबाला चालत जायची हुक्की आली. कसलासा नवस फेडायचा होता. सोबत कोण? तर लालासाब. सुलतानबीनं दशम्या बांधून दिल्या आणि मला म्हणाली, "मास्तर, दोघास्नी संभाळा. एक खोकतोय, दुसरा दुकानात बसून फुगलाय."

हे ती जुन्या सवयीनं म्हणाली. लालासाब आता खोकत नव्हता. डोंगराच्या पायथ्याशी त्यानं धोतर खोचलं आणि चढायला लागला. सुरुवातीला आम्ही तिघं बरोबर होतो. मग शंकरप्पा मागं पडायला लागला. गादीवर बसून बंडलं विकण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. दर वळणावर तो झाडाला हात लावून उभा राहायचा.

"लाला, थांब की रं!"

"थांबलोय की!" वरून आवाज यायचा, पण तो थांबलेला नसायचा. मधेच लालासाब स्वतः थबकला, छातीवर हात ठेवला. मी घाबरलो. "काय झालं?"

"काय न्हाय," तो नवलानं म्हणाला. "काहीच न्हाय झालं. शिट्टी वाजत न्हाय आत. म्हणून बघितलं."

वर पोचलो तेव्हा गुलालानं वाट गुलाबी झाली होती. एका म्हातारीकडून लालासाबनं दवण्याची जुडी घेतली, दोन्ही हातांनी नाकाशी धरली आणि डोळे मिटून दगडावर बसून राहिला. माणसं त्याला ओलांडून जात होती. बऱ्याच वेळानं शंकरप्पा आला, लालबुंद, पंच्यानं घाम पुसत, बोलायलाही दम नाही.

लालासाबनं डोळे उघडले, सरकून जागा केली आणि म्हणाला, "बस अप्पा. तू सोडाय पायजेस."

"काय सोडू?" शंकरप्पा धापा टाकत म्हणाला. "मी वडतो कुठं?"

"गादी," लालासाब म्हणाला, आणि दशम्यांची गाठ सोडायला लागला.